दीड लाखांश

८ जानेवारी

डॉक्टरांनी सांगितलं, रोज संध्याकाळी रक्तदाब मोजा आणि लिहून ठेवा. त्यांना फक्त आकडे हवे आहेत. पण आकडे एका ओळीत मावतात आणि वही दोनशे पानांची आणली गेली. उरलेल्या जागेत मी काय लिहितो याच्याशी डॉक्टरांना काही देणंघेणं नाही.

आज तेरा बाय आठ, म्हणजे एकशे तीस-ऐंशी; आमच्याकडे शेवटची शून्यं बोलत नाहीत.

वय त्रेपन्न. तांत्रिक शाळेत सी प्रोग्रामिंग शिकवतो. बायको बेलो ओरिझोंते शहरात बहिणीकडे चार दिवसांसाठी गेली, त्याला आता अकरा वर्षं झाली. घरात मी आणि आई. आईचं नाव क्लोतिल्दे, वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाब बारा बाय आठ. मीठ माझ्या दुप्पट खाते.

सध्या ती माझ्याशी फक्त कार्निव्हलबद्दल बोलते. ती कुर्तुमे मंडळाची. कातडी कमावायच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेलं मंडळ, रंग लाल. कारखाना बंद पडून जमाना झाला, वास मात्र आहे. आई त्यांच्या बायानांमध्ये नाचते. बायाना म्हणजे घेरदार झग्यातल्या म्हाताऱ्या, ज्या मिरवणुकीत भोवऱ्यासारख्या फिरतात. प्रत्येक मंडळाला बायाना ठेवाव्याच लागतात, नियम आहे.

"आमचं ढोलपथक यंदाही मागे पडतंय," ती जेवताना म्हणाली. "एलिझेउला उजव्या कानानं ऐकू येत नाही आणि डाव्या कानानं तो ऐकून घेत नाही."

मला कार्निव्हलमध्ये काडीचाही रस नाही. हे वहीत नोंदवून ठेवतो.

१३ जानेवारी

सेऊ गुमेर्सिंदोंनी, म्हणजे गुमेर्सिंदोरावांनी, बोलावलं. ते मंडळांच्या महासंघाचे अध्यक्ष आणि गावातल्या एकमेव अंत्यविधी दुकानाचे मालक. महासंघाच्या बैठका शवपेट्यांच्या मध्येच होतात. कॉफीचा ट्रे एका झाकणावर होता, महोगनीच्या.

"प्रोफेसर, मागच्या वर्षीच्या मिरवणुकीची गुणमोजणी आठवते?"

कोण विसरेल? बेरीज चालू असताना कुर्तुमेच्या चिटणीसानं ब्रेजो मंडळाची एक गुणपत्रिका तोंडात कोंबली आणि गिळून टाकली. ब्रेजोवाल्यांनी त्याला उलटा धरला. पत्रिका निघाली नाही, दात निघाले. वरच्या बाजूचे सगळे.

"यंदा बेरीज यंत्र करणार," सेऊ गुमेर्सिंदो म्हणाले. "गुण पुकारले की तुम्ही टाइप करायचे. शेवटी निकाल भिंतीवर. माणसाशी भांडता येतं, यंत्राशी कोण भांडणार?"

"पण माझी आई कुर्तुमेत आहे."

"या गावात ज्याची आई कुठल्याच मंडळात नाही असा एकच माणूस आहे, आमचा पाद्री. त्याला बेरीज येत नाही."

माझ्या नावाचा विचार सगळ्यात आधी झाला म्हणे. इतकी वर्षं शिकवल्याचं कुठेतरी चीज होतं.

चौदा बाय नऊ. कॉफीत साखर फार होती.

१९ जानेवारी

प्रोग्राम तयार होत आला. चार मंडळं, सहा विषय, प्रत्येक विषयाला तीन परीक्षक. दहापैकी गुण, एका दशांशापर्यंत. बेरीज करायची, क्रम लावायचा. शेवटून पहिल्या आलेल्या मंडळानं एक वर्ष घरी बसायचं: मिरवणूक नाही आणि सामान ठेवायची नगरपालिकेची शेडही नाही. बरोबरी झाली तर ज्याच्या ढोलपथकाला जास्त गुण ते वर. बस. माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना याहून अवघड गृहपाठ असतो.

हौस म्हणून एके ठिकाणी दशांश संख्येला भागून उरणारी बाकी मागितली. कंपायलरनं साफ नकार दिला: ती खूण फक्त पूर्णांकांसाठी. अख्ख्या कार्निव्हलमध्ये तोंडावर नाही म्हणणारं एक तरी कोणी आहे.

तेरा बाय आठ.

२४ जानेवारी

क्रीडाभवनात रंगीत तालीम झाली. चारही मंडळांचे लोक बघायला हजर. पुकारणारा माइकवर खोटे खोटे गुण वाचत होता, नऊ-आठ, नऊ-नऊ, नऊ-सात. मी टाइप करत होतो. निकाल भिंतीवर आला तेव्हा चारही मंडळांना सारखेच गुण होते. पूर्ण, गुळगुळीत, एकशे बासष्ट.

"यंत्र साम्यवादी आहे," कोणीतरी ओरडलं.

माझ्या लक्षात यायला पाच मिनिटं लागली. आम्ही दशांशाला स्वल्पविराम देतो. लहानपणापासून हाताला तीच सवय. सी ज्यांनी बनवली ते टिंब देतात. मी 'नऊ स्वल्पविराम आठ' टाइप केलं की प्रोग्राम नऊ वाचायचा आणि स्वल्पविरामापाशी थांबायचा, पुढचं त्याच्या दृष्टीनं कचरा. एरवी वर्गात माझी बोटं आपोआप टिंब मारतात. पण समोर पुकारणारा आपल्या भाषेत ओरडत असला की बोटं घरच्यासारखी वागतात.

हे मी खाली मान घालून दुरुस्त करत असताना एक बाई येऊन उभी राहिली. ब्रेजोच्या ढोलपथकाची प्रमुख, डॉक्टर जुसारा. दातांची डॉक्टर. मागच्या वर्षीच्या प्रकारानंतर कुर्तुमेच्या चिटणीसाला कवळी हिनेच बसवली, पैसे न घेता. पण ब्रेजोच्या हिरव्या रंगाची.

"प्रोफेसर, माझ्या पोरांनी सहा महिने घाम गाळायचा आणि तुमच्या यंत्रानं दशांश गिळायचे, असं ठरलंय का?"

"तालीम यासाठीच असते, डॉक्टर."

"मग माझीही एक तालीम. तोंड उघडा." मी का उघडलं कोण जाणे. "खालची डावी दाढ. येऊन दाखवा."

पंधरा बाय नऊ. दुपारी चीज-पाव खाल्ले होते, त्यात मीठ असतं.

३१ जानेवारी

दुसरी तालीम. आता टिंब. बेरजा सुरेख आल्या. मग उशिराची शिक्षा तपासली: मिरवणूक वेळेपेक्षा लांबली तर दर मिनिटाला एक दशांश गुण कापायचा. कुर्तुमेला सात मिनिटं उशीर झाला असं धरलं. कापले गेलेले गुण: शून्य.

कुर्तुमेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, प्रोग्राम आता अगदी बरोबर झाला आहे, हात लावू नका.

डॉक्टर जुसारा पुन्हा हजर. "सात मिनिटं उशीर, शिक्षा शून्य?"

मी समजावलं. मी एक भागिले दहा असं लिहिलं होतं. दोन्ही पूर्णांक. पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की सी अपूर्णांक फेकून देते. एक भागिले दहा शून्य, आणि शून्याला सातानं गुणलं तरी शून्य. एकाच्या जागी एक-टिंब-शून्य लिहिलं की झालं.

"म्हणजे टिंबासाठी मरायचं."

"अगदी तसंच."

"दाढेचं काय झालं?"

"दुखत नाही."

"ती दुखायच्या आधीच बघतात, प्रोफेसर. नंतर सेऊ गुमेर्सिंदो बघतात."

तिला माझ्याविषयी काहीतरी आकस आहे. सारखी येते.

पंधरा बाय नऊ. घरी फरोफा होती, भाजलेल्या कसावा पिठाची. आईला सांगितलं मीठ कमी घाल. ती म्हणाली, "मीठ रोज तेवढंच असतं. तुझा दाब मात्र फक्त तालमीच्या दिवशी चढतो." तालमीचा ताण असतो, हे तिला कसं कळणार.

१५ फेब्रुवारी

मिरवणूक. मी तिकडे फक्त आईला सोडायला गेलो होतो.

कुर्तुमे तिसऱ्या क्रमांकानं उतरलं, नऊ वाजून वीस मिनिटांनी. ढोल पहिल्या चौकापर्यंत ठीक होते, मग बँकेच्या कोपऱ्यावर मागे पडले आणि गाणं पुढे निघून गेलं. बायाना मात्र एका ओळीत. आई डावीकडून चौथी. त्या कोपऱ्याला लागूनच असलेल्या परीक्षकांच्या मांडवासमोर बाकीच्या जणी तीन गिरक्या घेऊन थांबल्या. तिनं चौथी घेतली. तिचा झगा आडवा झाला, तिचे डोळे मिटलेले होते, आणि ती हसत होती. मग पाऊल किंचित चुकलं. शेजारणीनं कोपर धरलं आणि कोणाला कळायच्या आत दोघी पुढे निघाल्या.

नंतर म्हणाली, "ही शेवटची. पुढच्या वर्षी गुडघा नाही म्हणेल."

बाकी काही पाहिलं नाही. आधी लिहिलंच आहे, मला रस नाही.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख लावून सगळे क्रीडाभवनात आले. पश्चात्तापाचा दिवस. दारात दोघांच्या खिशातून बाटल्या काढून घेतल्या आणि एकाच्या पिशवीतून फेकायला आणलेले मासे.

मी मंचावर. पुकारणारा लिफाफा फाडायचा, नाव घ्यायचा, थांबायचा. तो फार थांबतो. "परीक्षक दुसरा, विषय झेंडेकरीण, कुर्तुमे... नऊ..." आणि सगळं भवन श्वास धरून. "...आठ!" मग अर्ध्या भवनाचा आनंद आणि अर्ध्याकडून पुकारणाऱ्याच्या आईचा उद्धार. मी टिंबासह टाइप करत राहिलो. एकही चूक नाही. उशीर कोणालाच नव्हता.

वरची दोन मंडळं केव्हाच पुढे निघून गेली. खालच्या जागेसाठी कुर्तुमे आणि ब्रेजो. शेवटचा गुण टाकला, कळ दाबली. भिंतीवर आलं:

तिसरा क्रमांक, कुर्तुमे, १७६.४००००९
चौथा क्रमांक, ब्रेजो, १७६.३९९९९४

टिंबानंतर किती अंक छापायचे ते मी सांगितलं नव्हतं. न सांगितलं तर सी सहा छापते.

क्षणभर कोणाला काही कळेना. आमच्याकडे टिंब हजारासाठी असतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "आम्हाला सतरा कोटी चौसष्ट लाख नऊ गुण मिळाले?" मग सेऊ गुमेर्सिंदोंनी माइक हातात घेतला. "मित्रहो! फरक आहे दीड लाखांश गुणाचा! माणसाला दिसला नसता. यंत्राला दिसला! यंत्राला ना आई, ना मंडळ!"

कुर्तुमेवाले छतापर्यंत उडाले. ब्रेजोची लहान लहान पोरं ढोलांवर हात ठेवून बसली होती. वाजवत नव्हती.

मला कुठेतरी काहीतरी टोचलं. पण तेवढ्यात आईनं मंचावर येऊन मिठी मारली आणि माझ्या शर्टाला राख लागली.

चौदा बाय नऊ.

१९ फेब्रुवारी

गावानं दीड लाखांश उचलून धरला आहे. खाटकाकडे बाई म्हणाली, "दीड लाखांश जास्त टाक रे." चौकातल्या बारमध्ये बिअरचा फेस मोजताना तेच. केस कापताना न्हाव्यानं विचारलं, "मागून किती? दीड लाखांश?"

पण तो नक्की कशाचा मिळाला यावर वाद आहे. कोणी म्हणतं झेंडेकरणीच्या हसण्याचा, कोणी म्हणतं रथावरच्या बैलाच्या शेपटीचा, ती हलत होती म्हणून. आईला काहीच शंका नाही.

"चौथी गिरकी," ती म्हणाली. "परीक्षकांनी पाहिली. यंत्रानं मोजली."

तिनं झगा धुऊन, खळ लावून, कपाटात टांगला आहे. गेली दोन वर्षं तो सरळ पेटीत जायचा. गुडघ्याचं नाव काढलं नाही.

तेरा बाय आठ.

२० फेब्रुवारी

डॉक्टर जुसारा घरी आली. आई बाहेर होती. म्हटलं आता भांडण. पण ती खुर्चीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "एकच प्रश्न. कोणत्या परीक्षकानं लाखांशात गुण दिले?"

"म्हणजे?"

"सगळे गुण मी ऐकले. नऊ-आठ, नऊ-सहा, दहा. सगळे एका दशांशाचे. त्यांच्या बेरजेत सहा अंक आले कुठून? मी दातांची डॉक्टर आहे, गणिताची नाही. पण बत्तीस दात मोजताना मला साडेबत्तीस कधी मिळाले नाहीत."

मी म्हणालो, यंत्राचं अंतर्गत गणित फार सूक्ष्म असतं, ते सामान्य माणसाला समजावणं कठीण आहे. वगैरे. दहा मिनिटं बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंगळवारी दुपारपर्यंत हरकत घेता येते," ती उठताना म्हणाली. "मी घेणार नाही. तुम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच बघायचं होतं."

"मला काय माहीत असणार?"

"तेच. दाढ दाखवा कधीतरी."

सतरा बाय दहा. आज मीठ अजिबात खाल्लेलं नाही. यंत्रच बिघडलं असावं, रक्तदाबाचं.

२१ फेब्रुवारी

बिघडलेलं यंत्र दुसरं निघालं.

सकाळी सगळे गुण पुन्हा टाकले, पण दशांशातच मोजून: नऊ-आठच्या जागी अठ्ठ्याण्णव, दहाच्या जागी शंभर. नुसते पूर्णांक, टिंब नावालाही नाही. कुर्तुमे सतराशे चौसष्ट. ब्रेजो सतराशे चौसष्ट.

बरोबरी.

हे मी दरवर्षी तिसऱ्या आठवड्यात शिकवतो. फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारतो: दशांश संख्या एकमेकींशी बरोबर आहेत का, असं सीला कधीही विचारायचं नाही. यंत्र दोनाच्या पटीत मोजतं. जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात कधी संपत नाही, तीन तीन तीन करत राहतो, तसा एक दशांश यंत्राच्या हिशोबात कधी संपत नाही. कुठेतरी तो तोडावा लागतो. प्रत्येक बेरजेत एक तुकडा कमी किंवा जास्त. अठरा बेरजा केल्या की कुर्तुमेच्या वाट्याला भुसा जास्त आला, ब्रेजोच्या वाट्याला कमी. दीड लाखांश म्हणजे करवतीचा भुसा. गिरकी नाही, हसणं नाही, बैलाची शेपटीही नाही.

बरोबरी म्हणजे ढोलपथकाचे गुण. ब्रेजो एकोणतीस-सात. कुर्तुमे एकोणतीस-तीन.

आई स्वयंपाकघरात गुणगुणत होती. कार्निव्हल संपल्यावर ती कधी गुणगुणत नाही.

दाब मोजला नाही.

२२ फेब्रुवारी

कोणाला कळणार आहे? परीक्षकांना बेरजेशी मतलब नाही. ती हरकत घेणार नाही म्हणाली. ब्रेजोची पोरं लहान आहेत, एक वर्ष त्यांचं काय जातं? आईच्या वयाला वर्ष म्हणजे वर्ष असतं.

सोळा बाय दहा.

२३ फेब्रुवारी

आधी सेऊ गुमेर्सिंदोंकडे गेलो. ते एका पेटीच्या कड्या घासत होते.

"प्रोफेसर, माझ्या धंद्यात एक नियम आहे. झाकण लावलं की पुन्हा उघडायचं नाही. आत काय दिसेल सांगता येत नाही."

"पण बेरीज चुकली आहे."

"तुम्हाला मी का निवडलं माहीत आहे?"

"मी चांगला शिकवतो म्हणून."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "हो," म्हणाले. "म्हणूनच." आणि पुन्हा कडी घासू लागले.

मग आईला सांगितलं. सगळं. ती मटार सोलत होती.

"म्हणजे चौथी गिरकी?"

"तिला गुण नाहीत, आई. म्हणजे बाकीच्यांना जेवढे, तेवढेच."

तिनं दोन-तीन शेंगा सोलल्या. "हे अजून कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग गप्प बस."

"आई..."

"तुझा बाप आयुष्यभर खरं बोलला. कारखान्यातून पहिलं कोणाला काढलं? एक वर्ष, लाउरिंदो. मला एकच वर्ष हवंय. तुझ्या त्या यंत्राला द्यायला परवडलं, तुला का परवडत नाही?"

मी तिच्या शेजारी बसून उरलेले मटार सोलले.

२४ फेब्रुवारी

बारा वाजायला वीस मिनिटं असताना मीच हरकत नोंदवली. स्वतःच्या प्रोग्रामविरुद्ध. संध्याकाळी क्रीडाभवन बुधवारपेक्षा जास्त भरलं.

मी भिंतीवर छोटा प्रोग्राम दाखवला. केकचे दहा सारखे तुकडे, प्रत्येक एक दशांश. दहाही एकत्र केले. यंत्राला विचारलं: झाला का एक केक? यंत्र म्हणालं, नाही.

"बेकरीवाला खाऊन गेला!" कोणीतरी ओरडलं.

मी म्हणालो, "हेच यंत्र तुमचा दीड लाखांश घेऊन आलं. तो कोणत्याही परीक्षकानं दिलेला नाही. प्रोग्राम मी लिहिला, चूक माझी आहे. गुण सारखे आहेत. नियमाप्रमाणे ढोलपथक बघायचं."

सगळ्यांना ढोलपथकाचे गुण पाठ होते. मग जे सुरू झालं ते इथे लिहीत नाही, डॉक्टरांनी चुकून वाचलं तर. एक चप्पल माझ्या कानाजवळून गेली. कुर्तुमेचा चिटणीस हिरवे दात विचकत ओरडत होता: "विकला गेला! ती रोज त्याच्याकडे जाते, आम्ही पाहिलंय! ब्रेजोनं विकत घेतलाय!"

तेव्हा पुढच्या रांगेतून आई उठली. ती आली आहे हे मला माहीत नव्हतं.

"ए, तोंड सांभाळ, दात पडतील पुन्हा," ती म्हणाली. भवन शांत झालं. "हा माझा मुलगा आहे. त्रेपन्न वर्षं बघतेय. मूर्ख आहे. बायको गेली ते याला दोन वर्षांनी कळलं. मूर्ख आहे हे मी वेदीवर हात ठेवून सांगेन. पण याला विकत घ्यायला गेलात तर हा आधी पावती मागेल, मग ती तपासेल, आणि मग तुम्हालाच चूक दाखवेल. हा विकाऊ नाही. आणि एलिझेउ, तुझे ढोल बँकेपासून मागे होते. मी त्यांच्या पुढे नाचत होते, मला कोणी सांगायची गरज नाही."

एलिझेउनं विचारलं, "काय म्हणाली?"

सेऊ गुमेर्सिंदोंनी नवा निकाल वाचला. ब्रेजो तिसरं, कुर्तुमे एक वर्ष बाहेर. ब्रेजोची पोरं वाजवायला लागली. डॉक्टर जुसारानं हात वर करून त्यांना थांबवलं. का थांबवलं ते कळलं नाही.

घरी येताना आई माझ्या पुढे दहा पावलं चालत होती.

९ मार्च

आई माझ्याशी बोलत नाही. फ्रिजवर चिठ्ठ्या लावते. आजची: "मीठ संपलं. आण."

झगा कपाटातून गेला. पेटीत असावा.

शाळा सुरू झाली. तिसऱ्या आठवड्याचा धडा पहिल्याच आठवड्यात घेतला. मुलांनी फळ्यावर आधीच केक काढून ठेवला होता, एक तुकडा खाल्लेला.

दाढ दुखते आहे. गेलो. तिनं भूल दिली, मग तोंडात दोन आरसे घालून विचारलं, "आई कशी आहे?" मी उत्तर दिलं. त्यातलं काही समजलं असेल असं वाटत नाही. पण ती बराच वेळ विचारात पडली.

सोळा बाय नऊ. दातांच्या डॉक्टरकडे सगळ्यांचाच दाब वाढतो.

२२ मार्च

डॉक्टर जुसारा दुपारी आली. हातात मोजपट्टी आणि हिरव्या कापडाचा तुकडा. मी दार उघडलं तर म्हणाली, "तुमच्याकडे नाही आले, प्रोफेसर. आज."

आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी विसळत होतो. बरीच भांडी विसळली.

"दोना क्लोतिल्दे, आम्हाला बायाना कमी पडतात. नियमाप्रमाणे पंधरा लागतात, आमच्या आता तेराच उरल्यात. एकीचं कंबरडं मोडलंय, खरं तर बाराच."

"मग?"

"कुर्तुमे वर्षभर बसलंय. तुम्ही रिकाम्या आहात."

"मी मेलेली असेन तेव्हा रिकामी असेन. ब्रेजोत? हिरव्यात? माझ्या नवऱ्याला लाल निशाणात पुरलंय."

"माहीत आहे."

"माझा गुडघा गेला."

"चौथ्या गिरकीपर्यंत होता. मी बँकेच्या कोपऱ्यावर उभी होते. सहा महिने पोरांना ताल शिकवते मी, दोना. एलिझेउचे ढोल मागे पडले तेव्हा अख्ख्या कुर्तुमेत तालात एकच माणूस होतं."

आईनं एक चिमटा तोंडातून काढला. दोरीला लावला. मग दुसरा. मी नळ बंद केला.

"कोणता हिरवा?" ती म्हणाली.

जुसारानं तुकडा दाखवला.

"शी! डबक्यावरच्या शेवाळासारखा दिसतोय."

"मंडळाचं नावच दलदल आहे, काय करणार."

"माझी एक अट. वरून तुमचा हिरवा. आतला परकर माझा. लाल."

गिरकी घेतली की बायानेचा झगा आडवा होतो आणि परकर पार मागच्या रांगेपर्यंत दिसतो. हे तिला माहीत होतं, आईला माहीत होतं, खिडकीत मलाही माहीत होतं.

"वेशभूषेत एक दशांश कापतील," जुसारा म्हणाली.

"कापू देत. परवडत नसेल तर दुसरी म्हातारी शोध." मग आई खिडकीकडे वळली. सत्तावीस दिवसांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "काय रे, दाराआडच्या पोरासारखा उभा आहेस ते. एक दशांश तुझ्या यंत्राला नीट कापता येतो ना आता?"

"येतो. पूर्णांकात मोजतो हल्ली."

"मग ये इकडे आणि हिला माझ्या कंबरेचं माप लिहून दे. हिला आकडे कळत नाहीत, बत्तीसच्या पुढे."

मी गेलो. जुसारा मोजत होती, मी लिहीत होतो. मोजपट्टीचं दुसरं टोक मला धरायला दिलं.

अठरा बाय दहा. दुपारी फक्त उकडलेला भात, बिनमिठाचा.

आईनं हे पान माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "डॉक्टरांना दाखव. पण दातांच्या."